फटीतून शिरलेली हवा

४ फेब्रुवारी

चिरंजीव टापटीपराव,

आशीर्वाद मागाहून. आधी बातमी, कारण ती पोटात मावत नाहीये. तुझ्याकडून परत आलेल्या डबीतले तिन्ही नमुने उजळले. तिन्ही. मी लेझर बंद करून पुन्हा लावला, तरी उजळलेलेच.

हे पत्र तू आईला वाचून दाखवशीलच, म्हणून तिला कळेल असं लिहिते. आई, आमच्याकडे पेन्सिलीच्या शिशासारखा दिसणारा एक काळा, चकचकीत खडा असतो. त्याला साधी चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघतो. त्या पापुद्र्याचा पापुद्रा, त्याचाही पापुद्रा असं करत गेलं की शेवटी असा थर उरतो की त्याहून पातळ काही निघूच शकत नाही. मधे मॉलिब्डेनमचे अणू, वर आणि खाली गंधकाचे, संपलं. त्यात एखाद्या ठिकाणी गंधकाचा अणू नसेल तर तिथे जागा रिकामी राहते. सगळं जग याला दोष म्हणतं आणि तो कसा टाळायचा म्हणून डोकं फोडून घेतं. तुझी मुलगी तो मुद्दाम पाडते. आयनांचा बारीक झोत मारून, शर्टाच्या काजांसारख्या रांगेत. आणि तो नमुना गारठवून बघितला तर त्या प्रत्येक जागेतून प्रकाशाचा एकेक कण सुटा बाहेर पडतो. दोन कधीच एकत्र येत नाहीत. असे सुटे कण हुकमी काढता आले तर उद्या त्यांच्यावरून कोणालाही फोडता न येणारे निरोप पाठवता येतील.

मे महिन्यात निवड समिती बसते आहे. माझी कृती त्यांना पटली तर मला स्वतःची प्रयोगशाळा मिळेल. नाही पटली तर करार संपला, मग पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली, तेही कोणी घेतलं तर. पण आज मला ती भीती शिवतही नाहीये. कोणाच्या मदतीशिवाय, माझ्या एकटीच्या हाताने पाडलेली काजं आहेत ही, आणि ती दिव्यासारखी पेटली आहेत. आकाश ठेंगणं झालं म्हणतात ते हेच असणार.

सोबत आणखी तीन नमुने आहेत. आपल्या रिवाजाप्रमाणे डबीसोबत पत्र. पत्राऐवजी फोन कर म्हणतोस, पण मला हेच आवडतं.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार अर्धाच. उरलेला अर्धा डबीचं झाकण नीट लावून पाठवशील त्या दिवशी.

आईने पत्र शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भोकं पाडायचा पगार मिळतो हिला?" मी हो म्हटलं. "मग लहानपणी माझ्या गाद्यांवर केलेला सराव कामी आला म्हणायचा," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. पण नंतर शेजारच्या काकूंना फोनवर हेच सांगत होती, आणि आवाज बराच चढा होता.

नमुने बघितले. आता मीही आईसाठी लिहितो, नाहीतर ती म्हणते तुझं काम काय ते कधी कळलंच नाही. माझ्या सूक्ष्मदर्शकाला भिंग नाही. एक सुई आहे, तिचं टोक डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक, ती नमुन्यावरून चाचपडत जाते, अंधारात आपण भिंतीवरचं बटण शोधतो तशी. खड्डा कुठे, उंचवटा कुठे हे ती सांगते आणि त्यावरून मी नकाशा काढतो. तुझी काजं सरळ रांगेत आहेत. इतकी सरळ की ती तू पाडली आहेस यावर माझा विश्वास बसत नाही. तुझ्या कपाटातला एक तरी कप्पा मी सरळ बघितलेला नाही.

चिकटपट्टीच्या गोंदाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ताई, काय हे. नमुन्यावर नमुना कमी आणि गोंद जास्त. दुसऱ्या कोणाचा असता तर परत पाठवला असता. असो, नेहमीसारखं सगळं करून नकाशे जोडले आहेत. समितीचा दिवस ठरला की कळव. आईला तारीख हवी आहे, का ते विचारू नकोस.

तुझा
भाऊ


१० मार्च

बाळा,

आज थट्टा सुचत नाहीये.

आमच्या सरांनी माझी कृती दुसऱ्या विद्यापीठातल्या एका गटाला पाठवली होती. समितीच्या आधी बाहेरच्या कोणीतरी ती करून दाखवली की माझं पारडं जड होईल, असा त्यांचा विचार. काल त्यांचं उत्तर आलं. जागा रिकाम्या झाल्या, पण उजेड नाही. उलट जिथे पाडल्या तिथला होता तो उजेडही गेला. सरांनी मला बोलावून तो कागद माझ्यापुढे सरकवला.

मी तडक खाली गेले आणि नवा नमुना काढला. तीच पट्टी, तोच झोत, तेवढाच वेळ. या वेळी तुझ्याकडे न पाठवता सरळ गारठवून बघितला. काळाकुट्ट. दुसरा काढला, तोही तसाच. आजवर हे कधी केलंच नव्हतं, कारण काजं नेमकी कुठे आहेत ते तुझ्या नकाशावरूनच मला कळतं. त्यामुळे प्रत्येक नमुना आधी तुझ्याकडे जाऊन येतो आणि मगच मी त्याच्यावर लेझर टाकते. माझी पाचावर धारण बसली आहे. जे न जाता राहिले ते अंधारे, जे जाऊन आले ते उजळलेले.

एक विचारते, रागावू नकोस. तू माझ्या नमुन्यांना काही करतोस का?

ताई


१७ मार्च

ताई,

नाही, काही करत नाही.

आमच्या केंद्रात शिरल्याशिरल्या भिंतीवर पहिलाच नियम लावला आहे: आलेल्या नमुन्यात कोणताही फेरफार करायचा नाही. तो नियम लावताना खिळा मी ठोकला होता. डबी उघडतो, नेहमीसारखं करतो, सुई टेकवतो, नकाशा काढतो, डबी बंद करतो. तुझ्यासाठी नकाशे सजवून पाठवतो असं तुझ्या सरांना वाटत असेल तर दुसरीकडे पाठव. तशी सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे.

आई विचारत होती, पत्र एवढं आखूड का. मी म्हटलं, बोट दुखतंय.

भाऊ


२९ मार्च, परतीच्या गाडीतून

माझ्या शहाण्या, माझ्या वेड्या भावा,

तू स्टेशनवरून घरी पोचायच्या आत हे लिहायला घेतलं आहे. घडलं तेव्हा तू तिथेच होतास हे मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझा चेहरा तुला दिसत नव्हता.

तुझ्या केंद्रात न कळवता आले म्हणून तू आधी दारातच तोंड वाकडं केलंस. मी एका नमुन्याचे दोन तुकडे केले होते. एक प्रयोगशाळेत ठेवला, एक पर्समध्ये घालून आणला. "तू नेहमी करतोस तसं कर, मी मागे स्टुलावर बसते, एक शब्द बोलणार नाही," म्हटलं. तू अजून घुश्शातच होतास. डबी उघडलीस, झाकणाचा वास घेतलास, नाक मुरडलंस आणि चिमट्याने तुकडा उचलून कोपऱ्यातल्या त्या लहान भट्टीत ठेवून दार लावलंस. इतक्या सहज, जसं आपण घरात शिरताना चपला काढतो.

"हे काय?" मी म्हटलं.

"काय काय?"

"भट्टीत काय ठेवलंस?"

"तुझा नमुना. गोंद जाळून घेतो जरा. सुईला चिकटतो तो."

"म्हणजे तू त्याला काहीतरी करतोस."

"करतो कुठे? पुसतो."

"सगळ्यांचे पुसतोस?"

"सगळ्यांचे कशाला? बाकीच्यांचे स्वच्छ येतात."

आणि मग तुझी मान त्या भिंतीकडे वळली. तुझ्या हाताने ठोकलेल्या खिळ्याकडे. तुझा चेहरा असा उतरला की मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी तुला मिठी मारली. दोन वर्षं, बाळा. दोन वर्षं तू माझा प्रत्येक नमुना भट्टीत घालतो आहेस आणि ते तुला करणं वाटलंच नाही. पत्रात तू खोटं लिहिलं नव्हतंस, याचाच मला सगळ्यात जास्त आनंद झाला. तुझ्यावर संशय घेतला याची लाजही तितकीच वाटली, ती इथे लिहून टाकते.

तू भाजून दिलेला तुकडा पर्समध्ये आहे. गाडी हळू चालली आहे. सगळ्या जगाला घाई नसल्यासारखी.

ताई


२ एप्रिल

ताईस,

नमस्कार पूर्ण. तू आल्यापासून आई खुशीत आहे आणि मी धास्तीत.

सरळ सांगतो. ही गोष्ट आपल्या दोघांत ठेव. तुझ्या कृतीत एक ओळ वाढव, "नमुना भाजून घ्यावा", आणि पुढे चल. माझं नाव त्यात यायचं काही कारण नाही. आमच्या विभागप्रमुख बाई नियमाच्या पक्क्या आहेत. मागे एकाने नमुन्यावर नुसती फुंकर मारली तर त्याला लेखी खुलासा द्यावा लागला होता. यंदा माझ्या बढतीचं ठरायचं आहे.

खरं म्हणजे तू विचारल्यावर मला आठवायला हवं होतं. पण तुझ्या वस्तू आवरण्याचा मी कधी हिशेब ठेवला नाही. तुझं दप्तर मी भरायचो, तुझे बूट मी पुसायचो, आणि तू कधी कर म्हणाली नाहीस. कोणतीच गोष्ट तू कधी मागितली नाहीस, ताई. म्हणून मलाही न सांगता करायची सवय लागली.

आणि एक. भट्टीच्या दाराचं रबर चिरलेलं तुला दिसलं असेल. तुझ्यासमोर फारच ओशाळल्यासारखं झालं. नवीन मागवलं आहे, एवढ्यात येईल.

तुझा
भाऊ


९ एप्रिल, तातडीच्या टपालाने

रबर बदलू नकोस. फोन तुझा लागत नाहीये, म्हणून हे तातडीचं.

हातातलं सगळं टाक, भट्टीपाशी जा आणि त्या रबराला कोणाला हात लावू देऊ नकोस. मग बस आणि पुढचं वाच.

तू भाजलेला तुकडा उजळला. इथे राहिलेला काळाच होता. इथवर आपल्याला वाटलं होतं तसंच झालं. मग मी आमच्या संस्थेच्या भट्टीत दुसरा नमुना भाजला. आमची भट्टी नवी आहे, पंपाने आतली हवा पार शोषून घेते, दार असं घट्ट की उघडायला दोन हात लागतात. तेवढंच गरम केलं, तेवढाच वेळ. काही नाही. अंधार. सर म्हणाले, "मग आता तुझ्या भावाच्या भट्टीत काही मंत्र आहे का?" आणि मला त्यांचं हसू बिलकुल आवडलं नाही.

तोंड पाडून खोलीवर आले तर दाराशी तुझं पत्र. रबर चिरलेलं. मी ते वाक्य वाचलं आणि पायात चपला नसतानाच पुन्हा प्रयोगशाळेकडे धावत सुटले. बाळा, पंप चालू असला तरी तुझ्या भट्टीत त्या चिरेतून हवा शिरते. हवेत प्राणवायू असतो. प्राणवायू आणि गंधक एकाच घराण्यातले, अंगाने प्राणवायू थोडा लहान. मी गंधकाची खुर्ची रिकामी करते आणि तुझ्या भट्टीत त्या खुर्चीवर प्राणवायू येऊन बसतो. रिकामी खुर्ची उजेड गिळते, भरलेली खुर्ची उजेड देते. नुसत्या भोकाला काही किंमत नाही. त्यात कोण येऊन बसलं त्याला आहे. हे खरं असेल तर आपल्याला हवं तिथे भोक पाडता येईल आणि हवा तो पाहुणा बसवता येईल.

आता नावाचं. तू घाबरतोस ते मला कळतं. पण समितीपुढे उभं राहून दुसऱ्याने केलेलं काम माझं म्हणून मी सांगणार नाही. तू हो म्हणाल्याशिवाय तुझं नावही घेणार नाही. तू नको म्हणालास तर "हा टप्पा माझा नाही, कोणाचा ते सांगता येत नाही" एवढंच बोलेन. त्यावर त्यांनी मला घरी पाठवलं तर पाठवलं.

ताई


१५ एप्रिल

ताईस,

रबर बदललं होतं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी नवीन आलं आणि मी चहासुद्धा न घेता ते बसवलं. जुनं कचऱ्यात टाकलं आणि कचरा गेला. पत्र दुपारी आलं.

मग वाटलं, बदललं तर बदललं, बघू तरी. तुझ्या जुन्या डबीत काजं पाडलेले, पण अजून न भाजलेले काही नमुने होते. त्यातला एक नव्या रबराच्या भट्टीत भाजला आणि शेजारच्या खोलीतल्या लेझरवाल्याकडे नेला. तो गारठवून कण मोजू शकत नाही, पण उजेड वाढला की नाही एवढं सांगू शकतो. नाही वाढला. म्हणजे तुझं म्हणणं खरं, ताई. घट्ट भट्टीत काही होत नाही.

आता ऐक काय केलं ते. भट्टीच्या मागे एक बुजवलेली नळी आहे. तिला मी बारीक तोटी बसवली. आयुष्यभर गळती बुजवत आलेला मी, स्वतःच्या हाताने भट्टीला गळती लावली. तोटी किंचित उघडली: काजांच्या जागा जेमतेम दिसल्या. जास्त उघडली: नमुन्याला छोटी छोटी त्रिकोणी भोकं पडली, जळून गेला. मधल्या एका ठिकाणी आणून ठेवली आणि लेझरवाला ओरडला, "अहो, हे काय आणलंत?" रांगच्या रांग पेटली होती. मी त्याला धरून नाचलो. त्याला अजून कळलेलं नाही का ते. घरी जाऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "फट ठेवल्याबद्दल एवढा आनंद? आणि माझ्या खिडक्या दिवसभर बंद करत फिरतोस ते?"

दुसऱ्या दिवशी मी थेट विभागप्रमुख बाईंकडे गेलो. आपणहून. तुझं ते "सांगता येत नाही" मला सहन होईना. सगळं सांगितलं.

"दोन वर्षं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"फक्त बहिणीचे?"

"हो."

"तापमान नोंदवून ठेवलंत?"

"नाही."

आवाज चढला तो तेवढ्या एका उत्तराला. यंदाची बढती गेली. लेखी ताकीद मिळाली. आणि यापुढे कोणी लेखी मागणी केल्याशिवाय मी कोणाच्याही नमुन्याला भट्टी दाखवायची नाही, तुझ्याही नाही. ताई, मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. मी तोटीची आकृती काढून दाखवत होतो तेव्हा त्यांनीच विचारलं, "हा कोन कसा ठरवलात?" आणि मी त्यांना समजावत बसलो. बढती पुढच्या वर्षी बघू.

माझं नाव घाल. मोठ्या अक्षरात नको, पण घाल.

तुझा
भाऊ


२१ मे

प्रिय भावास,

समितीत पाच जण होते. रांगा उजळलेल्या दाखवल्या, त्या बाहेरच्या गटाने तोटीसकट कृती करून पाठवलेले नकाशेही दाखवले. तिथवर माझी गाडी सुसाट होती. मग टोकाला बसलेल्या बाईंनी विचारलं, भाजण्याची कल्पना कशी सुचली. मी म्हटलं, माझ्या भावाला माझा गोंद आवडत नाही म्हणून. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग यात तुमचं काय?"

या प्रश्नालाच मी महिनाभर घाबरत होते. तुझं नाव घेतलं नसतं तर तो विचारलाच गेला नसता, हेही त्या क्षणी मनात येऊन गेलं. मग म्हटलं, जागा कुठे रिकामी करायची ते माझं. तो ती भरत होता आणि आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. भरल्यावर ती का उजळते हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं आणि तोटी त्याची आहे. त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मला बाहेर बसवलं. बाहेर बसले त्या वेळात मी दहाही नखं कुरतडली, ते आईला सांगू नकोस.

प्रयोगशाळा मिळाली. पहिल्या दोन वर्षांपुरती, पण मिळाली. मजल्याच्या टोकाची खोली आहे, एकच खिडकी, आत अजून नुसतं टेबल. आज सकाळी किल्ली हातात आली आणि त्या टेबलावर मी पहिली गोष्ट करते आहे ती ही.

तू लिहिलंस की मी कधी काही मागितलं नाही. ते वाचून आधी रागच आला. मला वाटायचं, मला लागतच नाही कोणाचं काही. खोलीत एकटी बसल्यावर कळलं की लागायच्या आत तू ते करून ठेवायचास, म्हणून मागायची वेळच आली नाही. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता.

तेव्हा तुमच्या विभागप्रमुख बाईंना दाखवता येईल अशी ही लेखी मागणी.

सोबतच्या डबीत चार नमुने आहेत. ते तू भाजून द्यावेस. किती गरम, किती वेळ, तोटी किती उघडी, हे सगळं तू ठरव आणि या वेळी लिहून ठेव. मला ते येत नाही.

तुझी
ताई